सहा महिन्यांचा व्हिसा म्हणजे सहा महिने मुक्काम नव्हे

जानेवारीत फ्रँकफर्टच्या प्रदर्शनाला जाणारे आमचे टॉवेल-चादरवाले ग्राहक दरवर्षी ‘व्हिसा सहा महिन्यांचा, मग सहा महिने राहता येईल ना?’ हेच विचारतात, म्हणून ते आधी. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या २९ देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसावर, ‘पासून-पर्यंत’ तारखा असतात आणि मुक्कामाचे दिवस वेगळे छापलेले असतात. जाणे-येणे तारखांच्या आत, राहणे तेवढेच दिवस. व्हिसा वर्षभराचा असला तरी कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९०. पोहोचण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस धरतात. ८ जानेवारीला उतरलात आणि १७ ला निघालात, तर १० दिवस गेले, ९ नव्हे. जर्मनीतून फ्रान्सला गेलात म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही. सगळ्या २९ देशांचा हिशेब एकच. आयर्लंड त्यात नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन संगणकात नोंद करायला सुरुवात झाली आहे. ‘पासपोर्टवरचा शिक्का पुसट होता’ ही सबब आता चालायची नाही.

अपोस्टिल हा नोटरीचा शिक्का नव्हे. १९६१ च्या हेग करारातल्या देशांत चालणारे हे प्रमाणपत्र भारतात २००५ पासून परराष्ट्र मंत्रालय देते. कागदावरची सही आणि शिक्का खरे आहेत, एवढेच ते सांगते. आतल्या मजकुराची हमी देत नाही. दुबईसाठी ते उपयोगाचे नाही, तिथे दूतावासाचे अटेस्टेशन (साक्षांकन) लागते. एक मुलगी नर्सिंगच्या सगळ्या कागदांवर अपोस्टिल करून आमच्याकडे आली. नोकरी दुबईत. पैसेही गेले, दिवसही. आधी देश सांगा, मग कागद काढा.

पासपोर्टवर ‘ईसीआर’ (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे नोकरीला परदेशी जाण्याआधी तपासणी हवी) असा शेरा असेल, तर काही ठरावीक देशांत नोकरीला जाताना सरकारी मंजुरी लागते. फिरायला जाताना नाही. दहावी पास असाल तर अर्जाला दाखला जोडा, शेराच लागत नाही.

‘हद्दपार’ म्हटले की सोलापुरात पेपरातली ‘सोलापूर, धाराशिव जिल्ह्यांतून तडीपार’ ही बातमी आठवते. व्हिसाच्या फॉर्ममध्ये ‘डिपोर्ट केले होते का?’ असा प्रश्न असतो, त्याचा तिच्याशी संबंध नाही. परदेशाने तुम्हाला परत पाठवले का, एवढेच ते विचारतात. प्रत्यार्पण त्याहून निराळे: खटल्यासाठी किंवा शिक्षेसाठी एका देशाने आरोपी दुसऱ्याच्या ताब्यात देणे. आपला त्यासाठीचा कायदा १९६२ चा.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या ग्राहकांना विनंती: जुन्या दाखल्यावर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, असे असेल तर भाषांतराला देतानाच सांगा. येताना मूळ पासपोर्ट आणा. मोबाइलमधल्या फोटोवर स्पेलिंग नीट वाचता येत नाही.