हा गॅस कुठल्या जेवणाचा?

दुपारी दीडला वाटाण्याची उसळ पानात पडते, निम्मं जेवण होतं न होतं तोच पोट डब्ब होतं आणि सगळा ठपका उसळीवर येतो. पण त्या वेळी उसळ जठरातच असते. जवळपास सहा मीटरचं लहान आतडं पार करून ती मोठ्या आतड्याच्या तोंडाशी पोचेपर्यंत ढोबळमानाने संध्याकाळचे सहा-सात वाजतात. कडधान्यांचा गॅस होतो तो तिथे, त्याआधी नाही.

मग दीड वाजता काय फुगलं? जठरात अन्न उतरू लागलं की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. सकाळी चहा घेतला की अनेकांना शौचाला जावं लागतं ते याच प्रतिक्षिप्त क्रियेमुळे. त्या रेट्याने आत आधीच साचलेला वायू पुढे सरकतो आणि पोटात गुडगुडतं. खापर फोडायचंच असेल तर आदल्या रात्रीच्या पावट्यांवर फोडावं. जेवताना लगेच येणारे ढेकर ही आणखी वेगळी गोष्ट. ती बहुतेक गिळलेली हवा असते. भराभर जेवणारे आणि जेवताना सोडा पिणारे यांच्या वाट्याला ती जास्त येते.

कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या तोडायला लागणारं विकर (एन्झाइम) माणसाचं लहान आतडं तयारच करत नाही, अगदी दगड पचवतो म्हणणाऱ्याचंही नाही. त्यामुळे या साखरा जशाच्या तशा मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथले जीवाणू त्या आंबवतात. त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही जणांत मिथेन तयार होतो. या तिन्हींना वास नसतो. बदनामी होते ती गंधकयुक्त वायूंमुळे, आणि ते एकूण गॅसच्या एक टक्क्याहूनही कमी असतात. निरोगी माणसाचा दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर गॅस सरतो, दहा-वीस वेळा. हे ऐकून बऱ्याच जणांचा निम्मा आजार तिथेच बरा व्हावा.

त्याच आंबवण्यातून ब्युटिरेटसारखी मेदाम्लंही तयार होतात, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन तेच आहे. म्हणून ‘वातूळ’ म्हणून कडधान्यं कायमची बंद करणं मला पटत नाही. थोड्या प्रमाणात पण नियमित खात राहिलं तर बहुतेकांचा त्रास काही आठवड्यांत उतरतो.

शिवाय उपाय स्वयंपाकघरात आहेच. वालाच्या बिरड्याची सगळी खटपट आठवून पाहा. वाल रात्री भिजत घालायचे, सकाळी पाणी ओतून देऊन फडक्यात घट्ट बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सोलायचा. रॅफिनोज, स्टॅकिओज पाण्यात विरघळतात, म्हणजे काही भाग ओतलेल्या पाण्याबरोबरच जातो. (ते पाणी ‘सत्त्व असतं’ म्हणून शिजवायला वापरणाऱ्यांनी याचा विचार करावा.) उरलेल्या साखरा ही बीची अंकुरण्यासाठीची शिदोरी असते. मोड येताना, आपल्याकडे नसलेलं ते विकर वापरून बी स्वतःच त्या संपवत आणते. नुसत्या कुकरच्या शिट्ट्यांनी हे काम होत नाही.

मात्र पोट फुगलं म्हणजे आत गॅस वाढला, असं दरवेळी नसतं. बार्सिलोनाच्या वाल द'एब्रोन रुग्णालयात फेर्नान्दो आस्पिरोस यांच्या गटाने पोट फुगण्याची तक्रार असलेल्यांचे सीटी स्कॅन काढले, पोट फुगलेलं असताना आणि नसताना. अनेकांच्या आतड्यातल्या वायूत फारसा फरक नव्हता. बदलले होते ते स्नायू. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला पडद्यासारखा स्नायू, खाली दबलेलं आणि पोटाची पुढची भिंत सैल पडलेली. म्हणजे संध्याकाळी कमरेची नाडी घट्ट होते ही तक्रार खरी, पण तिचं कारण पोटाच्या नकळत बदललेल्या ठेवणीत असू शकतं. अशा रुग्णांना श्वास आणि पोटाचे स्नायू वापरण्याचं प्रशिक्षण दिलं तर फरक पडतो.

इथे गोळ्यांचा घोळ होतो. पॅन्टोप्राझोल जठरातलं आम्ल कमी करतं. छातीत जळजळ, घशाशी आंबट येणं यांवर ते उपयोगी आहे, पण मोठ्या आतड्यातल्या आंबवण्याशी त्याचा संबंध नाही. फसफसणाऱ्या पावडरची गंमत तर वेगळीच. त्यातला खायचा सोडा आणि आम्ल यांच्या संयोगातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि ‘गॅस मोकळा झाला’ म्हणून जो ढेकर येतो, त्यात त्या पावडरचाच वायू असतो. शिवाय त्यात सोडियम असतं, तेव्हा रक्तदाबवाल्यांनी तिची सवय लावून घेऊ नये.

आणि एक ‘गॅस’ घरी अजिबात बघत बसायचा नाही. छातीत किंवा वरच्या पोटात दाब, सोबत घाम, धाप, मळमळ, जबड्याकडे किंवा हातात जाणारी कळ, हा हृदयविकाराचा झटका असू शकतो. मधुमेह असलेल्यांत तर कधीकधी कळ नसतेच, नुसती अस्वस्थता असते. आधी ईसीजी, जिऱ्याचं पाणी नंतर.

दुधाने त्रास होत असेल तर तो उसळीपेक्षा लवकर, बहुधा दोनेक तासांत जाणवतो. दुधातली साखर तोडणारं लॅक्टेज मोठेपणी अनेकांत कमी होतं. याच लोकांना दही मात्र बऱ्यापैकी पचतं, कारण विरजणातले जीवाणू ती साखर काही प्रमाणात आधीच संपवतात.

महिनोन् महिने पोटात कळ येते, शौचाला गेल्यावर ती बदलते, कधी जुलाब तर कधी खडा होतो, असं असेल तर ते चिडखोर आतडं, म्हणजे आयबीएस, असू शकतं. त्यासाठी मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातून पुढे आलेला ‘लो फॉडमॅप’ आहार, म्हणजे आतड्यात सहज आंबणाऱ्या साखरा कमी असलेला आहार, आहे. त्यात कांदा, लसूण, गहू सुटतात, पण काही आठवड्यांपुरतेच. मग एकेक पदार्थ परत आणून नेमका कोणता बाधतो ते शोधायचं असतं. अनेक जण पहिल्याच पायरीवर वर्षभर अडकतात. हे आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावं.

शौचातून रक्त, डांबरासारखी काळी शौच, कारण नसताना उतरलेलं वजन, गिळताना अडकणं, झोपेतून उठवणारे जुलाब, रक्तात कमी झालेलं लोह किंवा पन्नाशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय, यांपैकी काहीही असेल तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून पोटविकारतज्ज्ञ गाठावा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तेव्हा त्या चालू असतील तर तपासणीआधीच सांगावं.