द्विफोटॉन सूक्ष्मदर्शकाचे लेसर

जिवंत ऊतींच्या खोल थरांच्या प्रतिमा घेताना वापरले जाणारे, अत्यल्प काळाचे प्रकाशस्पंद देणारे लेसर. यांत टायटॅनियम-सॅफायर लेसर प्रमुख. नेहमीच्या अनुस्फुरणात (प्रकाश शोषून पुन्हा प्रकाश बाहेर टाकण्याच्या क्रियेत) रंजकद्रव्य एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, शोषते. येथे सुमारे निम्म्या ऊर्जेचे दोन फोटॉन एकाच वेळी शोषले जातात.

हे तत्त्व मारिया गोपर्ट-मायर यांच्या गटिंगेन येथील प्रबंधाच्या नावे ओळखले जाते. तो १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र याच विषयावरील त्यांचे छोटे टिपण १९२९ मधील असल्याने मूळ वर्ष तेच धरणे योग्य. प्रायोगिक पडताळा लेसर आल्यावरच मिळाला. कैसर व गॅरेट यांनी १९६१ मध्ये रुबी लेसर वापरून यूरोपियमयुक्त कॅल्शियम फ्लुओराइडात तो दाखवला.

सूक्ष्मदर्शकात हे तत्त्व आणण्याचे श्रेय कोणाचे, याचे उत्तर श्रेय कशाला द्यायचे यावर ठरते. शेपर्ड व कॉम्फनर यांच्या १९७८ च्या लेखात ही शक्यता मांडलेली आहे. जैविक नमुन्यांवर ती प्रत्यक्षात आणली डेंक, स्ट्रिकलर व वेब यांनी, कॉर्नेल विद्यापीठात, १९९० मध्ये. कल्पना आधीची, पद्धत कॉर्नेलची, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. कॉर्नेलच्या गटाचा प्रकाशस्रोत मात्र रंजकद्रव्य लेसर होता. तो सांभाळायला किचकट, त्यामुळे जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत रुळण्याजोगा नव्हता.

टायटॅनियम-सॅफायर लेसर मोल्टन यांनी अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेच्या लिंकन प्रयोगशाळेत १९८२ मध्ये चालवून दाखवला. सविस्तर लेख १९८६ चा. त्याची तरंगलांबी साधारण ६५० ते ११०० नॅनोमीटर या पट्ट्यात हवी तशी बदलता येते. सेंट अँड्र्यूज येथे स्पेन्स, कीन व सिबेट यांनी १९९१ मध्ये स्फटिकातील केर परिणामाच्या (तीव्र प्रकाशाने स्फटिकाचा अपवर्तनांक बदलण्याच्या) आधारे लेसरच्या आरशांमधील पोकळीतील तरंगांच्या कला (फेज) जुळवून सुमारे ६० फेम्टोसेकंदांचे (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक हजार लाख कोटीवा भाग) स्पंद मिळवले. पद्धतीचा प्रसार खऱ्या अर्थाने येथून झाला.

स्पंदच का, हे आकड्यांवरून कळते. १०० फेम्टोसेकंदांचे स्पंद सेकंदाला ८ कोटी वेळा येत असतील, तर नमुन्यावरील सरासरी शक्ती १० मिलिवॉट असूनही शिखरशक्ती सव्वा किलोवॉट भरते. उद्दीपन तीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ते नाभीपाशीच (प्रकाश एकवटतो त्या बिंदूपाशीच) होते, वरखालचे थर त्यातून सुटतात. तांत्रिक पत्रकातील स्पंदकाल बहुधा लेसरच्या तोंडाशी मोजलेला असतो. पुढे वस्तुभिंगाच्या काचांतील अपस्करणाने (वेगवेगळ्या तरंगलांबींचा वेग वेगळा असल्याने) स्पंद लांबतो. म्हणून प्रिझमांच्या जोडीने किंवा खास आरशांनी त्याची आगाऊ भरपाई करतात.

मेंदूतील चेतापेशींचे निरीक्षण हा मुख्य उपयोग. अधिक खोलीसाठी १३०० व १७०० नॅनोमीटरच्या आसपासचे त्रिफोटॉन स्रोत वापरतात. त्यांना प्रत्येक स्पंदात जास्त ऊर्जा लागते, आणि ऊती तापू नये म्हणून स्पंदांची वारंवारता सेकंदाला १० लाखांच्या आसपास उतरवावी लागते.