बॅकलाइट ओळख (लिनक्स)

लॅपटॉपच्या एलसीडी पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. तो मागे किंवा कडेला बसवलेल्या एलईडींचा असतो; या दिव्यांना बॅकलाइट म्हणतात. हा उजेड सॉफ्टवेअरमधून कमी-जास्त करता येतो का, आणि येत असेल तर कोणत्या वाटेने, हे लिनक्स प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, संगणक सुरू होताना ठरवतो. हा निर्णय बराचसा अंदाजाचा असतो. कर्नलला उजेड दिसत नाही. फर्मवेअर (यंत्रात कायम बसवलेले मूळ सॉफ्टवेअर) आणि ग्राफिक्स चिप जे सांगतील त्यावरच त्याला विसंबावे लागते.

वाटा तीन आहेत. पहिली फर्मवेअरची: एसीपीआय मानकात (फर्मवेअर आणि प्रणाली यांनी एकमेकांशी कसे बोलावे याच्या नियमांत) बीसीएल ही पद्धत उजेडाच्या पातळ्यांची यादी देते, बीसीएम पातळी लावते आणि बीक्यूसी चालू पातळी सांगते. दुसरी प्लॅटफॉर्मची, म्हणजे थिंकपॅड, डेल वगैरे यंत्रांसाठी लिहिलेल्या खास ड्रायव्हरची (ड्रायव्हर म्हणजे हार्डवेअर चालवणारा कर्नलमधला प्रोग्राम). ती आता बहुतेक जुन्या यंत्रांपुरती उरली आहे. तिसरी ‘रॉ’: ग्राफिक्सचा ड्रायव्हर स्वतःच दिव्याची सूत्रे हाती घेतो. इंटेलच्या चिपवर हा ड्रायव्हर आधी व्हीबीटी नावाचा फर्मवेअरमधला तक्ता वाचतो आणि तक्त्यात बॅकलाइट नसेल तर त्याचा नाद सोडतो. पण तक्ताही चुकू शकतो. एसर सी७२० या क्रोमबुकमध्ये दिवा व्यवस्थित होता, तक्ता मात्र नाही म्हणत होता. शेवटी अशा यंत्रांची नावनिशी नोंद ड्रायव्हरमध्येच करावी लागली.

कर्नलला जे सापडते ते ‘/सिस/क्लास/बॅकलाइट’ या फोल्डरमध्ये दिसते (यंत्रावर ही नावे रोमन लिपीत, लहान अक्षरांत असतात). फोल्डर रिकामा असेल तर कर्नलला काहीच हाती लागलेले नाही. आत ‘इंटेल_बॅकलाइट’, ‘एएमडीजीपीयू_बीएल०’ किंवा ‘एसीपीआय_व्हिडिओ०’ असे काही असेल, तर त्यातल्या ‘टाइप’ फाइलवरून वाट कळते आणि ‘मॅक्स_ब्राइटनेस’वरून कमाल पातळी. ही कमाल यंत्रागणिक बदलते: फर्मवेअरच्या वाटेने ती १५ असू शकते, तर त्याच लॅपटॉपवर इंटेलच्या वाटेने काही हजार. एकापेक्षा जास्त नावे असतील तर फर्मवेअर, मग प्लॅटफॉर्म, मग रॉ असा क्रम धरावा, असे कर्नलचे कागदपत्र सांगते.

तरी नाव दिसले म्हणजे दिवा हाती आला असे नाही. खरी परीक्षा डोळ्यांनीच करावी लागते. रूटच्या (सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या) अधिकाराने ‘ब्राइटनेस’ फाइलमध्ये कमालीच्या निम्मा आकडा लिहावा आणि पडद्याकडे पाहावे. आकडा बदलला, डेस्कटॉपवरची पट्टीही सरकली, पण पडदा ढिम्म, तर चुकीची वाट निवडली गेली आहे. चाचणीत शून्य लिहू नये. रॉ वाटेने काही यंत्रांवर दिवा पूर्ण विझतो आणि पुढचा आदेश अंधारात टाइप करावा लागतो.

या गोंधळाचे मोठे कारण लिनक्सच्या बाहेरचे आहे. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ ने उजेडाचे काम ग्राफिक्स ड्रायव्हरकडे दिले. नव्या लॅपटॉपांच्या फर्मवेअरमध्ये एसीपीआयच्या पद्धती राहिल्या, पण त्या चालतात की नाही हे तपासण्याची गरज कोणाला उरली नाही. लिनक्स मात्र त्यांच्यावरच भरवसा ठेवून होता. २०१४ मधल्या ३.१६ आवृत्तीपासून अशा यंत्रांवर कर्नल आपणहून ग्राफिक्स ड्रायव्हरची वाट धरू लागला. तरीही एकाच पडद्यासाठी दोन-दोन नावे नोंदवली जात, आणि योग्य ते निवडण्याचे काम डेस्कटॉप सॉफ्टवेअरच्या गळ्यात पडे. डिसेंबर २०२२ मधल्या ६.१ आवृत्तीत कर्नलचे एक विकासक हान्स द खुदे यांनी ही मांडणी बदलली: एका पडद्याला एकच नोंद, आणि निवड कर्नलचीच. हे व्हायला इतकी वर्षे लागली, कारण प्रत्येक बदलाने कोणाच्या तरी जुन्या लॅपटॉपचा उजेड अडकण्याची भीती होती.

निवड चुकलीच तर ‘एसीपीआय_बॅकलाइट=’ हा बूट पर्याय, म्हणजे सुरू होताना कर्नलला द्यायची सूचना, वापरतात. त्याला ‘नेटिव्ह’ (रॉ वाट), ‘व्हिडिओ’ (फर्मवेअरची), ‘व्हेंडर’ (प्लॅटफॉर्मची) अशी मूल्ये देता येतात. ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत ‘ई’ दाबून हा पर्याय लिनक्सच्या ओळीच्या शेवटी जोडला की तो तेवढ्या एका बूटपुरता लागू होतो. म्हणून आधी तसेच करून पाहणे बरे. ज्या मॉडेलांना हा पर्याय लागतोच, त्यांची यादी कर्नलमध्येही ठेवलेली आहे.

ओएलईडी पडद्यांचे ठिपके स्वतःच उजळतात, त्यामुळे त्यांना बॅकलाइटच नसतो, पण त्यांचा उजेडही याच फोल्डरमधून हाताळला जातो. नाव तेवढे जुने राहिले आहे. बाहेरून जोडलेले मॉनिटर इथे सहसा दिसत नाहीत. त्यांच्याशी डीडीसी/सीआय या संकेताने बोलावे लागते आणि त्यासाठी ‘डीडीसीयूटिल’ हे साधन आहे. कीबोर्डखालचा दिवाही इथे शोधू नये. तो ‘/सिस/क्लास/लेड्स’मध्ये असतो.