मासे खाल्ले की मूड सुधारतो का?

ऑर्डर घेताना हल्ली फोनवर हमखास विचारलं जातं: "मासे खाल्ले की डिप्रेशन जातं म्हणे. मग कुठला घेऊ?" नुसतं हो म्हटलं तर आमचा माल खपेल, पण तसं सांगणं बरोबर नाही. म्हणून हे पत्रक पार्सलसोबत देत आहोत.

ही गोष्ट अगदीच हवेतली नाही. मेंदूतल्या पेशींच्या आवरणात डीएचए नावाचं ओमेगा-३ स्निग्धाम्ल भरपूर असतं, आणि ते आपल्याला मुख्यतः मासळीतून मिळतं. वेगवेगळ्या देशांतल्या २६ पाहण्या, म्हणजे सुमारे दीड लाख माणसं, एकत्र धरून २०१५ मध्ये हिशेब मांडला गेला. सगळ्यात जास्त मासे खाणाऱ्यांत नैराश्याचं प्रमाण सगळ्यात कमी खाणाऱ्यांपेक्षा १७ टक्क्यांनी कमी दिसलं.

पण हा मासळीचाच गुण, हे त्यावरून ठरत नाही. मन खचलेल्या माणसाला बाजारात जाऊन मासे आणण्याचा, साफ करण्याचा उत्साह कुठून येणार? म्हणजे उलटंही असू शकतं. अमेरिकेत नैराश्य नसलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या १८ हजारांहून अधिक लोकांपैकी निम्म्यांना सुमारे पाच वर्षं रोज ओमेगा-३ ची गोळी आणि बाकीच्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी दिली. २०२१ मध्ये निकाल आला: गोळीने नैराश्य टळलं नाही. गोळी म्हणजे मासा नव्हे हे खरं, पण आमच्याकडे कॅप्सूल मागणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. रक्त पातळ करण्याची औषधं चालू असतील तर कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

तरीही ओमेगा-३ साठी मासळी घ्यायची असेल तर पापलेटवर पैसे घालू नका. (हे आम्हीच सांगतोय, म्हणजे बघा!) ओमेगा-३ माशाच्या तेलात असतं, आणि तेल असतं बांगड्यात, तारलीत, पेडव्यात. तारली तळताना घरभर वास सुटतो, तो त्या तेलाचाच. अमेरिकेतली हृदयरोगतज्ज्ञांची संघटना आठवड्यातून दोनदा मासे खायला सांगते, तेही हृदयासाठी. आमच्या मते बांगड्याचं तिखलं उत्तम: तिरफळ, आगळ (कोकमाचा रस) घालून शिजवलं की सुटलेलं तेल रश्श्यातच राहतं आणि भाताबरोबर पोटात जातं. गरोदर बायकांनी मात्र मोरी (शार्क) आणि मोठी सुरमई टाळावी, मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो. बांगडा-तारली त्या मानाने बरी.

दोन आठवड्यांहून जास्त मन उदास असेल, झोप-भूक उडाली असेल तर आम्हाला नको, डॉक्टरांना फोन करा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ वर मिळते. चालू औषधं मासे खाताय म्हणून बंद करू नका.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा सुका बांगडा मिळेल, पण तो खारवलेला असतो. बीपी असेल तर बेतानेच मागवा.