इयत्ता एक, पातळ्या अनेक : वर्गातील वाचन-मूल्यमापनाची पार्श्वभूमी

चौथीच्या एकाच वर्गात सलग गोष्ट वाचणारी, शब्दाशब्दाला अडखळणारी आणि अजून काना-मात्रेशी झगडणारी मुले शेजारी शेजारी बसलेली असतात, हे कोल्हापूर जिल्ह्यातील शिक्षकांना नवीन नाही. या स्थितीला बहुधा अलीकडची घसरण मानले जाते. प्रत्यक्षात ती इयत्ता या कल्पनेइतकीच जुनी आहे.

पंतोजींच्या शाळेत इयत्ता नव्हती. धुळपाटीवर ओनामा गिरवणारा आणि मोडीचा कित्ता काढणारा एकाच ओसरीवर बसत, थोरला धाकट्याची उजळणी घेई, आणि कोण कुठवर आला हे त्याच्या पाटीवरूनच कळे. (ती ओसरी मोजक्याच जातींसाठी होती, हे विसरून तिचे गोडवे गाऊ नयेत.) इंग्रजी अमलात ठरावीक क्रमिक पुस्तक, ठरावीक वर्ष आणि वर्षअखेरची परीक्षा आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात खासगी शाळांच्या अनुदानाची सांगड काही काळ निकालाशी घातली गेली, आणि मुलाचे वाचन तपासणे म्हणजे शाळेचा हिशेब तपासणे, हा अर्थ तेव्हापासून रुळला.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, ४ मार्च १९१८ रोजी चिखली येथे पहिली शाळा उघडली गेली, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला गेला. १९१९ मध्ये अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळाही बंद करण्याचा आदेश निघाला. रोज पोथी वाचली जाणाऱ्या घरातले आणि घराण्यात पहिल्यांदाच पाटी हाती धरणारे मूल आता एका फळ्यासमोर येणार होते. वर्गातील तफावत या दाराने आत आली, आणि ती येणे योग्यच होते. चूक झाली ती सर्वांच्या हाती एकच पुस्तक देऊन एकाच तारखेला परीक्षा घेण्यात.

ही चूक ज्यांनी ओळखली त्यांत याच जिल्ह्यातील जे. पी. नाईक होते. आजरा तालुक्यातील बहिरेवाडीत जन्मलेले आणि गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत वाटा असलेले नाईक देशाच्या शिक्षणव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. १९६६ च्या त्या अहवालात पहिली ते चौथी हा इयत्ताविरहित एकच घटक मानावा, म्हणजे मुले आपापल्या गतीने पुढे जातील, आणि ते शक्य नसेल तेथे निदान पहिली-दुसरी सलग धरावी, अशी शिफारस आहे. पाठ्यपुस्तक, हजेरीपट आणि शिक्षकाची नेमणूक हे सारे इयत्तेवर बेतलेले राहिल्याने ही शिफारस पुरती रुजली नाही. आजही तिच्याइतका नेमका उपाय क्वचितच सुचवला जातो, असे माझे मत आहे. पुढे १९८५ मध्ये लीला पाटील यांनी कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू करून वेगळी वाट चालून दाखवली. पण ती एका शाळेची वाट होती.

१९९१ नंतर किमान अध्ययन क्षमता, म्हणजे प्रत्येक इयत्तेत मुलाला निदान काय यायला हवे याच्या याद्या, आल्या, त्यांना क्रमांक पडले आणि क्रमांकांपुढे खुणा होऊ लागल्या. खरा बदल ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांचे वाचन-गणित तपासणाऱ्या, २००५ मध्ये सुरू झालेल्या 'असर' सर्वेक्षणाने घडवला. त्याची वाचन-चाचणी एका कागदावर मावते. मुलापुढे आधी पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद ठेवतात. तो जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट, नाही जमला तर सुटे शब्द, तेही नाही तर अक्षरे. धडा तोंडपाठ असलेले मूल पुस्तकातून घडाघडा 'वाचते' आणि मधल्याच एका शब्दावर बोट ठेवले की थांबते. अनोळखी मजकुरापुढे ही पळवाट उरत नाही. तरीही ऐकणाऱ्याला भान लागतेच. 'पाणी' हा शब्द 'पानी' असा वाचणारे मूल चुकलेले नसून घरची बोली बोलत असते. २०२४ च्या फेरीत देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीची ४८.८ टक्के मुले दुसरीचा मजकूर वाचू शकली. तोंडी चाचणी घेऊन इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे गट करण्याची 'प्रथम' संस्थेची पद्धतही अशाच साधनावर उभी आहे.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेश दिला आणि नापास करणे थांबवले, त्यामुळे तफावत आता कायद्यानेच गृहीत धरली गेली. त्याच वर्षी राज्यात आकारिक (शिकवता शिकवता होणारे) व संकलित (सत्राअखेरचे) मूल्यमापन आले. आकारिक नोंदी रोजच्या शिकवण्यासाठी होत्या, पण अनेक ठिकाणी त्या सत्र संपताना एका बैठकीत भरल्या गेल्या. 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या राज्य शासनाच्या कार्यक्रमाच्या पायाभूत चाचण्या २०१५ मध्ये, तर २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येकाला वाचता यावे असे उद्दिष्ट घेऊन केंद्राचे 'निपुण भारत' अभियान २०२१ मध्ये आले. यातील प्रत्येक चाचणी शिक्षकासाठी म्हणून निघाली आणि तक्ता होऊन केंद्रप्रमुखाकडे (आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याकडे), तेथून तालुक्याला गेली.

ऊसतोड मजुरांची मुले या तक्त्यांत सर्वांत अवघड बसतात. गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो, म्हणजे ती येतात तेव्हा वर्षारंभीची चाचणी होऊन गेलेली असते. आणि फडातला ऊस संपला की, बहुधा दुसऱ्या सत्राच्या संकलित चाचणीआधीच, ती आईबापांबरोबर गावी परततात.