मत्स्य-कोलॅजनाची स्वयंजुळणी

माशाच्या कातड्यातून आम्लात विरघळवून काढलेले कोलॅजन हे प्रथिन योग्य ऊब, मीठ व सामू मिळताच साच्याविना आपोआप तंतूंत बांधले जाते. या गुणावर जखमेचे स्पंज, हाडभरणीचे सांगाडे अशा जैवसामग्री बेतल्या जातात. कोकणात कच्चा माल भरपूर आहे: सुरिमीसाठी (माशाच्या गराचा धुतलेला लगदा) राणी माशाचा गर काढल्यावर उरणारी कातडी-खवले, आणि घोळीचे बोत (वाताशय), जे कोरडे केल्यावर बव्हंशी कोलॅजनच असते.

रेणूत तीन साखळ्या सुंभासारख्या पिळलेल्या असतात. हा त्रिपीळ मद्रासमध्ये रामचंद्रन व कार्था यांनी 1954 मध्ये मांडला. दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसिन असते, कारण पिळाच्या मध्यात त्याहून मोठे काही मावत नाही. रेणूची लांबी सुमारे 300 नॅनोमीटर, जाडी 1.5. शेजारचे रेणू एकमेकांपासून 67 नॅनोमीटर सरकून बसतात, म्हणून तंतूवर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पट्टे दिसतात. जिलेटिन (पीळ उलगडलेले कोलॅजन) थंडाव्यात थिजते. कोलॅजन उलट उबेत जुळते, कारण रेणूंना चिकटलेले पाणी सुटे होते. (पिण्याची कोलॅजन पावडर तुटलेल्या पेप्टाइडांची (साखळ्यांच्या छोट्या तुकड्यांची) असते, तिचे तंतू होत नाहीत.)

कोलॅजन काढण्याचे सर्व काम 4 अंश सेल्सियसला चालते. कातडीचे बारीक तुकडे त्यांच्या दहापट प्रमाणातील 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये एक-दोन दिवस ठेवून इतर प्रथिने काढतात, 10 टक्के ब्युटेनॉलने चरबी. खवल्यांतील कॅल्शियम आधी ईडीटीएने (कॅल्शियम बांधून घेणाऱ्या रसायनाने) उतरवावे लागते. मग 0.5 मोलर अ‍ॅसेटिक आम्लात दोन-तीन दिवस ढवळून, गाळून, मिठाने साका पाडतात व पातळ आम्लाविरुद्ध डायलिसिस (सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून मीठ बाहेर काढणे) करतात. पेप्सिन (प्रथिने तोडणारे विकर) घातल्यास उतारा वाढतो, पण रेणूची टोके छाटली जाऊन जुळणी मंदावते.

जुळणीसाठी बर्फावर 8 भाग द्रावण (2-3 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर), 1 भाग दसपट तीव्रतेचे फॉस्फेट बफर (सामू स्थिर ठेवणारे खारे द्रावण) व 1 भाग 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड मिसळून सामू 7.2-7.4 करतात. हायड्रॉक्साइड एकदम ओतले तर गुठळ्या होतात, जोरात हलवले तर बुडबुडे अडकतात. मग ऊब देताच आधी काहीच दिसत नाही, नंतर झपाट्याने गढूळपणा चढतो.

खरी अडचण तापमानाची. पीळ कोणत्या तापमानाला उलगडतो हे मासा राहतो त्या पाण्यानुसार ठरते: थंड समुद्रातील कॉड माशाचा सुमारे 15 अंशांना, उष्ण पाण्यातील माशांचा साधारण 30 च्या पुढे. त्यामुळे कोकणातला माल सरस. तरी मे महिन्यात वीज जाऊन शीतकपाट बंद पडले तर द्रावणाचे जिलेटिन होते आणि परत थंड करून तंतू मिळत नाहीत. होडीवर बर्फ कमी पडलेली कातडीही आधीच कुजू लागलेली असते. शरीराच्या 37 अंशांना टिकावे म्हणून तंतू जेनिपिन किंवा कार्बोडायइमाइड या जोडरसायनांनी एकमेकांना सांधतात. ग्लुटारल्डिहाइड स्वस्त, पण त्याचा उरलेला अंश पेशींना विषारी. मासळीची अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी हे साहित्य वापरू नये.