पार्सल-संदेशांद्वारे होणारी फसवणूक

पार्सल अडकल्याचे खोटे कळवून समोरच्याची बँकविषयक माहिती काढून घेण्याचा हा सायबर गुन्ह्याचा प्रकार आहे. भारतात 2024 मध्ये टपाल खात्याच्या नावाने असे संदेश मोठ्या प्रमाणावर फिरले. पार्सल गोदामात आले आहे, पत्ता अपूर्ण असल्याने दोनदा प्रयत्न करूनही ते देता आले नाही, 48 तासांत पत्ता दुरुस्त केला नाही तर ते परत जाईल, अशा आशयाचा इंग्रजी मजकूर आणि त्याखाली एक लिंक असे त्यांचे स्वरूप होते. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य-तपासणी विभागाने हा संदेश खोटा असल्याचे जाहीर केले.

लिंक उघडताच टपाल खात्याच्या संकेतस्थळासारखे दिसणारे पान येते. तेथे नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक घेतल्यावर पार्सल पुन्हा पाठवण्याचे शुल्क म्हणून साधारण 25 रुपये कार्डाने भरण्यास सांगितले जाते. रक्कम इतकी किरकोळ असते की ती भरताना कोणी फारसा विचार करत नाही. ठगांना मात्र त्या 25 रुपयांशी कर्तव्य नसते, त्यांना कार्डाचा क्रमांक, मुदत, सीव्हीव्ही (कार्डावर छापलेला सुरक्षा क्रमांक) आणि ओटीपी हवा असतो. बँकेच्या ओटीपी-संदेशात बहुधा खरी रक्कम लिहिलेली असते, परंतु घाईत केवळ आकडे वाचले जातात आणि थांबण्याची शेवटची संधी हुकते.

अशा संदेशाला बळी पडलेल्यांना मूर्ख ठरवणे अन्यायाचे आहे. परदेशातील मुलांना दिवाळीचा फराळ पाठवून त्याच्या पोचेची वाट पाहणाऱ्या घरात असा संदेश आला, तर तो खरा वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

संदेश पारखताना लिंकमधील सुरुवातीचे ‘https://’ वगळून पहिल्या तिरक्या रेषेच्या (/) आधीचा भाग उजवीकडून वाचावा. टपाल खात्याचा अधिकृत पत्ता ‘इंडियापोस्ट डॉट गव्ह डॉट इन’ असा संपतो. सुरुवातीला ‘इंडियापोस्ट’ असून शेवट ‘डॉट टॉप’ किंवा ‘डॉट व्हीआयपी’ असा असेल, तर ते पान खात्याचे नव्हे. परदेशी क्रमांकावरून किंवा अनोळखी ईमेल पत्त्यावरून आलेला संदेशही संशयास्पद समजावा. स्पीड पोस्टच्या नोंदणी क्रमांकात दोन इंग्रजी अक्षरे, नऊ अंक आणि शेवटी ‘आयएन’ अशी 13 चिन्हे असतात. असा क्रमांक संदेशात असला तरी तेवढ्यावर विसंबू नये. आपल्या पावतीवरील क्रमांक अधिकृत संकेतस्थळावर स्वतः टंकून पाहावा किंवा जवळच्या टपाल कार्यालयात चौकशी करावी.

याच फसवणुकीचा दुसरा प्रकार फोनवरून चालतो. कुरियरवाला असल्याचे सांगणारी व्यक्ती ‘*21*’ आणि त्यापुढे एक मोबाइल क्रमांक डायल करायला लावते. त्यामुळे आपले सर्व कॉल त्या क्रमांकाकडे वळतात आणि कॉलवरून सांगितला जाणारा ओटीपीही ठगांना ऐकू येतो. ‘##002#’ डायल केल्यास कॉल वळवणे रद्द होते.

माहिती दिली गेली असल्यास आधी बँकेकडून कार्ड बंद करून घ्यावे आणि पैसे गेले असल्यास लगेच 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः गोपनीय माहिती दिली असल्यास बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि त्यानंतरचे बँकेचे असते. म्हणून येथे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 66-ड नुसार तोतयेगिरीने केलेल्या अशा फसवणुकीस तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पैसे गेले नसतील, तरी संशयित संदेश दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरील ‘चक्षू’ सुविधेत नोंदवता येतो.